झाडातून गेलेली गाडी

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मशिदीत नाही, आणि दुकानाच्या कट्ट्यावर तर मुळीच नाही — कट्ट्यावर सांगितलेली गोष्ट संध्याकाळच्या गाडीनं लोणावळ्याला पोचते. तुम्हाला का सांगतो? तुम्ही माझे कोण? कुणी नाही. अनोळखी माणसापाशी जीभ जरा सैल सुटते, एवढंच. बसा. पान लावू? — सवय हो. तांबोळ्याच्या घरात पान लावल्याशिवाय बोलणंच सुरू होत नाही.

आता कबुली म्हटल्यावर तुम्ही चोरी-मारामारी समजाल. तसलं काही नाही. तराजूला कधीमधी करंगळी लागली असेल, त्याचं अल्ला बघून घेईल. हे वेगळं आहे. हे एका झाडाचं आहे. आणि झाड तरी कुठलं — मावळातलं नाही, देशातलं नाही, सात समुद्रापलीकडचं, मी कधी डोळ्यानं न पाहिलेलं. न पाहिलेल्या झाडापायी माणूस गुन्हेगार होतो, असं कधी ऐकलंय तुम्ही?

मळवली स्टेशनाजवळ माझं दुकान. पानसुपारी, तंबाखू, गूळ, मीठ, काडेपेटी. पुढं दगडी कट्टा. त्या कट्ट्यावर राज्य माझं होतं. मी मराठी चौथी शिकलेला. आठवड्याचा पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि पेपरात नसेल ते पदरचं घालायचो. पदरचं जास्त असायचं, खरं सांगायचं तर. लोक तंबाखूला यायचे आणि माझ्या तोंडाकडं बघत बसायचे. त्या बघण्याची चटक लागते. तंबाखू सुटेल एक वेळ, ती सुटत नाही.

धोंडिबा आमच्याच गावचा, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठा. भाताची दोन खाचरं, आणि लोणावळ्याच्या अलीकडं एका पारशी शेठच्या बंगल्यात माळी. स्वभावानं इतका मुखदुर्बळ की पान हवं असलं तर बोटानं दाखवायचा. त्याची बायको सरूमावशी. ती रोज दुपारी डोक्यावर पाटी घेऊन, रुळाच्या कडेकडेनं दीड कोस चालत त्याला भाकरी न्यायची. माझ्या दुकानावरूनच जायची. फडकं सोडलं की वाफ निघाली पाहिजे, असा तिचा बाणा. गावातल्या बायका हसायच्या. ती म्हणायची, तुमच्या नवऱ्यांना थंड खायची सवय हाय, माझ्या माणसाला न्हाई. हे भाकरीचं ध्यानात ठेवा — पुढं लागणार आहे.

पहिली लढाई संपून पाच-सहा वर्षं झाली असतील. शेठची छाती कमजोर झाली. डॉक्टरनं सांगितलं, बोटीची हवा खा, मग अमेरिकेत कोरड्या हवेत वर्षभर राहा. त्यांचा नेहमीचा नोकर समुद्राला घाबरून पळाला. शेठना झाडांचा भारी नाद, म्हणून ते माळ्यालाच घेऊन गेले. वर्षभर धोंडिबा गावात नव्हता. पत्र नाही, सांगावा नाही — लिहिणार कोण आणि वाचणार कोण? परत आला तेव्हा घरच्यांनी गोमूत्र शिंपडून आत घेतला. आणि त्याच संध्याकाळी तो माझ्या कट्ट्यावर येऊन बसला आणि बोलायला लागला. धोंडिबा! ज्याला पान मागता येत नव्हतं तो!

काय सांगत होता म्हणाल? कालीफोरणी म्हणून मुलूख आहे, तिथं डोंगरात झाडं आहेत. जगात त्याहून मोठी नाहीत. शेंडा बघायला मान टाकली तर पागोटं मागं पडलं. साल तांबडी, हातभर जाड आणि काथ्यासारखी मऊ — बुक्की मारली तरी लागत नाही. आपली कार्ल्याची लेणी कोरली तेव्हा त्यातली काही झाडं चांगली जुनी होती, असं शेठ म्हणाले. एका झाडाला त्यानं स्वतः वाव घातले होते. वाव म्हणजे दोन्ही हात पसरून होतं ते. विहिरीचा दोर आपण तसाच मोजतो. पंधरा वाव भरलं. आणि त्याच झाडाच्या बुंध्यात आरपार भोक पाडून मधून रस्ता काढलेला. दोन घोड्यांची गाडी, माणसांसकट, झाडात शिरते आणि पलीकडून बाहेर पडते. झाड जिवंत. वर पाला हिरवागार.

सगळ्यांची तोंडं त्याच्याकडं. माझ्या हातात पेपर तसाच. त्या दिवशी गांधीबाबांची काहीतरी बातमी होती, पण ती कुणी मागितलीच नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या भाजे गावची माणसं मुद्दाम चालत आली — माझ्याकडं नाही, धोंडिबाकडं. मला काय वाटलं असेल? तुम्हीच सांगा. माझा कट्टा, माझी चूळ भरायला ठेवलेली कळशी, आणि राजा दुसराच. जळलो मी. दुसरा शब्द नाही त्याला. नखशिखान्त जळलो.

बरं, धोंडिबाही असा भोळा की आपल्या पायावर आपणच धोंडा मारून घ्यायचा. आमच्या देवीच्या राईत एक बेहडा आहे. गावाचा अभिमान. त्या राईत लोखंड न्यायचं नाही, वाळकी काटकी घरी आणायची नाही, आणि झाडाला माप तर कधीच लावायचं नाही. देवीच्या वस्तूचं माप घेतलं की ती खुंटते, असं मानतात. राईचं सगळं बघायचे ते आबा, ऐंशीच्या घरातले. ते म्हणाले, तुजं झाड पंधरा वाव आसंल, पर आमच्या बेहड्याला कुणी वाव घातलेत? न्हाई ना? मंग आमचा बेहडा लहान कशावरनं? कट्ट्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. बिनतोड मुद्दा. यावर शहाणा माणूस गप्प बसला असता. धोंडिबा म्हणाला, मोजू की — आणि दुसऱ्या दिवशी खरंच राईत जाऊन बेहड्याला मिठ्या मारून आला. साडेतीन वाव! हे वर गावात सांगितलं! आबांनी त्याच्याकडून देवीला नारळ आणि कोंबडा घेतला, आणि गावाचं मन त्याच्यावरून जरा उतरलं. परदेशी झाडापायी देवीच्या झाडाला हात लावला म्हणे. मला आत कुठंतरी गुदगुल्या झाल्या.

मग त्यानं फळ दाखवलं. कंतानाच्या पिशवीत गुंडाळून आणलेलं, त्या झाडाचं. एवढ्या मोठ्या झाडाचं फळ म्हणजे भोपळा तरी असेल ना? लोकांनी माना पुढं काढल्या. निघालं काय — कोंबडीच्या अंड्याएवढं लाकडी बोंड! आत बिया, कोंड्यासारख्या. आमच्याकडं फणसाच्या झाडाला फणस आणि नारळाच्या झाडाला नारळ, त्या हिशोबानं हे कुणाला पटावं? कट्टा असा हसला की रुळापलीकडं ऐकू गेलं. धोंडिबा म्हणत राहिला, मूर्ती लहान पण कीर्ती महान, शेठनी सोता फोडून दाखवलंय. त्यानं त्या बिया बंगल्यात चहाच्या डब्यात पेरल्या. दोन उगवल्या, मेथीच्या काडीएवढ्या. मग आपला मावळातला पाऊस. काही उरलं नाही. मी म्हणालो, धोंडिबाभाऊ, निदान जुडी तरी बांधायची, भाजीला आली असती. लोक पुन्हा माझ्याकडं बघायला लागले होते.

इथपर्यंत तसं काही नाही हो. गावात चालतं. चेष्टा कुणाची होत नाही? माझ्या दाढीची होते. पण आता — आता जरा थांबतो. पान संपवू द्या.

दिवाळीचे पाहुणे बंगल्यांतून परत गेले की तिथली रद्दी माझ्याकडं यायची, पुड्या बांधायला. त्या वर्षी शेठच्या बंगल्यातली रद्दी धोंडिबानंच आणून टाकली. स्वतःच्या पाठीवरून, सुतळीनं बांधलेला गठ्ठा. दुपारी मी एकटा बसून पानं सोडवत होतो. इंग्रजी मासिकं, गुळगुळीत कागद, मीठ बांधायला बरा असतो. एक पान उलटलं. आणि तिथं ते झाड होतं.

फोटो होता. हातानं काढलेलं चित्र नाही, फोटो. भला थोरला बुंधा, त्यात आरपार भोक, भोकात दोन घोड्यांची गाडी, गाडीत टोपीवाली माणसं, आणि बुंध्याला टेकून एक बाई उभी — केवढीशी. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण स्टेशनच्या पाट्यांवरून आणि मालाच्या खोक्यांवरून अक्षरं जुळवता येतात. मी ज्यावर बसायचो ते खोकंही बंगल्यातूनच आलेलं, डबाबंद फळांचं, त्यावर मोठी इंग्रजी अक्षरं होती. फोटोखालच्या ओळीत तीच अक्षरं तशीच्या तशी सापडली. मी उठून खोक्याशी ताडून बघितली. एकेक अक्षर. कालीफोरणी.

म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. समजलं ना तुम्हाला? मी खातरजमा केली होती.

काय करायला हवं होतं? उठून हाक मारायची होती. धोंडिबा अजून रूळही ओलांडून गेला नव्हता, पाठ दिसत होती त्याची. मी ते पान घडी घालून खोक्यात ठेवलं आणि वर बसलो. मनाशी म्हटलं, दाखवू की. काय घाई आहे? शिमगा होऊ दे.

कारण शिमग्याचं माझ्या डोक्यात शिजत होतं. आमच्या गावात धुळवडीला सोंगं निघतात, आणि त्यात हिंदू कोण नि मुसलमान कोण हे बघत नाहीत. सोंगाचा कारभारी मीच. त्या वर्षी मी एक जुनी कणगी मागून आणली — भात साठवायची, पुरुषभर उंच. तिला तांबड्या मातीनं सारवलं, वर आंब्याच्या डहाळ्या खोवल्या, आणि खाली भोक पाडलं. एक बोकड हातगाडीला जुंपला. गाडी वाजत-गाजत झाडात शिरायची, आणि पलीकडून... पलीकडून काय काढावं? हे सुचलं तेव्हा मी स्वतःवरच इतका खूष झालो. पलीकडून आमच्या गावचा मिशाळ पैलवान बाहेर पडायचा, नऊवारी नेसून, तोंडात विडा, डोक्यात गजरा. मी ओरडायचो, ही बगा धोंडिबाची अमेरिका, गिरगावात ऱ्हाती.

लोक जमिनीवर लोळले. आबा तर हसता हसता खोकायला लागले, त्यांना पाणी पाजावं लागलं. अजूनही आठवलं की मला हसू येतं, आणि त्याचीच लाज वाटते. धोंडिबाही हसला. उभा राहून शेवटपर्यंत बघितलं, पैलवानाला गुलाल लावला, घरी गेला.

चेष्टेची गंमत अशी की ती सोडणाऱ्याच्या हातात राहत नाही. आठ दिवसांत गावात पसरलं की धोंडिबा अमेरिकेला गेलाच नव्हता. वर्षभर मुंबईत होता, एका बाईकडं. कुणी म्हणे परळला बघितला, कुणी म्हणे त्या बाईला पाहिलं. शेठ विचारपूस करायच्या पलीकडं गेले होते, त्याच हिवाळ्यात वारले; बंगला विकला गेला, नव्या मालकानं माळी तेवढा तोच ठेवला. पत्र नव्हतंच. राहिलं काय? झाड. झाड खरं, तर धोंडिबा गेला होता. झाड खोटं, तर —

आणि मग सरूमावशी आली. दुपारची, नेहमीच्या वेळी, डोक्यावर पाटी. नेहमी पुढं निघून जायची, त्या दिवशी थांबली. कट्ट्यावर कुणी नव्हतं. पाटी खाली ठेवली नाही, तशीच उभी राहून म्हणाली,

“उस्मानभाऊ, तुमी पेपर वाचता. तुमाला जगाचं म्हाईत आसतंय. मला यकच सांगा. गाडी जाईल आसं झाड आसतंय का कुटं?”

मी खोक्यावर बसलो होतो. माझ्या बुडाखाली, एका फळीच्या अंतरावर, ते झाड होतं, गाडी होती, घोडे होते. हात घालायचा आणि काढायचं. एवढंच. तिच्या कपाळावर घाम होता आणि पाटीतून वाफ येत होती. मला वाटलं — खरंच सांगतो काय वाटलं — आत्ता हे पान काढलं तर ती विचारेल, कधीपासून आहे? शिमग्याच्या आधीपासून, असं मला म्हणावं लागेल. आणि उद्यापासून कट्ट्यावर कोण कुणाकडं बघेल?

“न्हाई मावशी,” मी म्हणालो. “आसं झाड नसतं.”

ती बरं म्हणाली आणि गेली. रुळाच्या कडेनं, त्याच चालीनं. भाकरी त्या दिवशी पोचवली तिनं. दुसऱ्या दिवसापासून मात्र दिसली नाही. धोंडिबा सकाळी जाताना स्वतःच फडक्यात भाकरी बांधून न्यायला लागला. माझ्या दुकानावरून जायचा, बोट करून पान मागायचा. पुन्हा पहिल्यासारखा. दुपारपर्यंत त्या भाकरीचं काय होत असेल ते तुम्हाला सांगायला नको.

तीन वर्षं. दर दुपारी, बाराची गाडी गेली की मी त्या वाटेकडं बघायचो. कट्टा माझा मला परत मिळाला होता, चांगला भरत होता. मी अफगाणिस्तानच्या बादशहापासून बोलपटापर्यंत सगळं सांगायचो, लोक बघत राहायचे. आणि बाराच्या गाडीनंतर माझं बोलणं तुटायचं. लोक म्हणायचे, उस्मानभाऊला भूक लागली.

मग एका दुपारी सरूमावशी पाटी घेऊन रुळाच्या कडेनं जाताना दिसली. मी एवढा खूष झालो की गिऱ्हाइकाला तंबाखूऐवजी चहाची पुडी दिली. मिटलं, मी स्वतःला म्हटलं. नवराबायकोचं भांडण, मिटतंच. आता कशाला ते पान काढा आणि जुनं उकरा? किती सोयीचं असतं बघा. मी कसं मिटलं हे विचारलंसुद्धा नाही. पुढं बारा-तेरा वर्षं ती भाकरी नेत राहिली आणि मी निवांत झोपलो.

दुसऱ्या लढाईत, साखर-रॉकेल रेशनवर गेलं त्या दिवसांत, धोंडिबा वारला. म्हातारपणानं, घरात, चार माणसांत. दहाव्याच्या आधी सरूमावशी सुपारी न्यायला आली. कट्ट्यावर बसली, पहिल्यांदाच. रडली नाही. उलट तिचा चेहरा, काय सांगू, शांत होता. म्हणाली,

“भाऊ, तुमचं माझ्यावर लय उपकार हायती. त्या दिशी तुमी खरं बोल्ला म्हनून बरं झालं. न्हाईतर मी जल्मभर फशी पडले आसते. तीन वरसं म्या त्यांच्याशी धड बोलले न्हाई. मंग येक दिस त्येंनीच कबूल क्येलं. म्हनलं, सरू, मी मुंबैतच व्हतो. झाड-बिड काय न्हवतं. चुकलं माजं. तवा कुटं माझा जीव थंड झाला. मानूस खरं बोल्ला, मंग काय ऱ्हातंय? म्या तितंच माफ क्येलं, आन् दुसऱ्या दिशी गरम भाकरी घिऊन गेले.”

मी सुपारी तोलली. पुडी बांधली. दोरा गुंडाळला, तोडला.

पंधरा वाव मोजणारा माणूस. देवीचा कोंबडा दिला पण साडेतीनाचे चार सांगितले नाहीत असा माणूस. गरम भाकरीसाठी — नाही, भाकरीसाठी नव्हे, तिच्यासाठी — त्यानं न केलेलं कबूल केलं. आणि मी केलेलं? ती माझ्यापुढं बसली होती, माझे उपकार मानत होती. आता पान दाखवलं तर तिनं केलेली माफी कुठं जाईल, असा विचार मी केला. भला विचार वाटतो ना? मलाही वाटला होता. पण शिमग्याच्या आधीही मला असाच एक भला विचार सुचला होता, आणि ती पाटी घेऊन उभी होती तेव्हाही. माझ्याकडं असे विचार कधी कमी पडले नाहीत.

सरूमावशी गेल्या पावसाळ्यात गेली. मी मातीला गेलो होतो. तिचं घर गावात साधं, सुखी म्हणूनच ओळखलं जातं. कुणाला काही माहीत नाही. आबा गेले, पैलवान म्हातारा झाला, कणगी कधीच मोडली. राईतला बेहडा आहे, अजून कुणी मोजत नाही. खोक्यावर मी अजून बसतो आणि ते पान अजून आत आहे. कागद पिवळा पडलाय, पण गाडी स्पष्ट दिसते, टोपीवाली माणसंही.

त्या दुपारी मावशीला द्यायचं उत्तर मला येत होतं. आजही येतं. तेवढं एकदा मोठ्यानं म्हणतो, आणि मग तुम्ही तुमच्या गाडीला जा.

व्हय मावशी. आसतंय आसं झाड.